रेडिएटर गळतोय: साडेचारशेची बाटली ओतावी का?

प्रश्न, थोडक्यात: इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका वाचकांची २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. कूलंट आठवड्याला साधारण अर्धा लिटर कमी होतं आणि रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यावर हिरवट डाग पडलाय. छोटी ग्वालटोलीतल्या मेकॅनिकने रेडिएटर बदलायचे ६,८०० रुपये सांगितले: रेडिएटर ४,३००, चार लिटर तयार कूलंट १,२००, मजुरी १,०००, क्लिपा वगैरे ३००. स्पेअर पार्टच्या दुकानदाराने मात्र ४५० रुपयांची ‘लीक स्टॉप’ची (कूलंटमध्ये ओतून गळती आतून बुजवायच्या औषधाची) बाटली पुढे केली. बारा दिवसांनी नाशिकला भाच्याची मुंज आहे आणि गाडीनेच जायचंय. हातात पगार ४६,००० येतो, घरखर्च ४१,०००, अडीअडचणीसाठी ऑटो-स्वीप एफडीत (बचत खात्याला जोडलेल्या मुदत ठेवीत) ३८,००० आहेत. मुलाच्या फीचे १८,००० वेगळे काढून ठेवलेत. ‘एफडी मोडायला जिवावर येतं. बाटली टाकून तीन-चार महिने काढू का? की बाटली टाकून गाडीच विकून टाकू? दलाल १,६०,००० द्यायला तयार आहे.’

उत्तर:

बाटलीने गळती थांबेल की नाही हे क्षणभर बाजूला ठेवू. ती थांबली असं धरलं तरी तुम्हाला मिळते ती फक्त मुदत, आणि त्या मुदतीची किंमत काढता येते. ६,८०० रुपये एक महिना उशिरा खर्च केले तर सात टक्क्यांच्या एफडीवर तुम्हाला जेमतेम ४० रुपये जास्तीचे मिळतील. अगदी क्रेडिट कार्डावर घेतले आणि महिनाभर थकवले, तरी महिना साडेतीन टक्क्यांनी २३८ रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २८१ रुपये होतात. बाटली ४५० ची. महिनाभराच्या मुदतीसाठी ती कार्डाच्या व्याजापेक्षाही महाग पडते, आणि कार्डाचं व्याज कुणालाही घ्या म्हणून मी सांगत नाही.

आता चार महिन्यांचं म्हणाल, तर इथे दुसरा हिशेब लागतो. गाडी तापून इंजिनचं हेड (सिलिंडरांवरचा वरचा भाग) गेलं तर किती, असं मेकॅनिकला विचारल्यावर त्याने २८,००० सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. हेड उतरवणं, फेसिंग (वाकलेला पृष्ठभाग सपाट करणं), गॅस्केट, नवे हेड बोल्ट, ऑइल, कूलंट आणि मजुरी धरून हा आकडा अवाजवी नाही. बाटली कायमची टिकली तर वाचतात ६,३५०. ती दगा देऊन इंजिन तापलं तर ६,८०० चा रेडिएटर घ्यावा लागतोच, वर २८,४५० जातात. गणित मांडलं तर पाच-सहा वेळांत एकदा जरी इंजिन तापलं, तरी सगळी बचत धुऊन निघते. आठवड्याला अर्धा लिटर जाणारी गळती चार महिने रेटताना एवढी जोखीम मला अजिबात कमी वाटत नाही.

आणि तुमची एफडी ३८,००० चीच आहे, एका महिन्याच्या खर्चाइतकीही नाही. ज्याच्याकडे तीन लाख बाजूला पडलेत त्याने हा जुगार खेळला तर त्याचं फार बिघडत नाही. तुम्ही हरलात तर एफडीत तीन हजारही उरत नाहीत. एफडी लहान आहे म्हणून ती मोडू नये असं तुम्ही म्हणता. मला वाटतं ती लहान आहे म्हणूनच आजचा छोटा खर्च करून टाकावा. सात हजार मुदतीआधी काढले आणि बँकेने व्याजदरात एक टक्का कापला, तरी सहा महिन्यांचं नुकसान ३५ रुपये. महिन्याला पाच हजार शिल्लक पडतात, दोन महिन्यांत खड्डा बुजतो. विमा मदतीला येईल या भ्रमात राहू नका: झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या मोटार पॉलिसीत वगळलेलेच असतात.

एक छुपा खर्च तुमच्या नजरेतून सुटलाय. अर्धा लिटर कूलंट दर आठवड्याला भरायचं तर ३०० रुपये लिटरने महिन्याला सहाशेच्या वर जातात. तेवढं कोणी भरत नाही. लोक बोरिंगचं पाणी ओततात. त्याचा क्षार रेडिएटरच्या चपट्या नळ्यांत बसतो, कूलंट पातळ होतं, गंजरोधक कमी होतो आणि उकळण्याचा बिंदू खाली येतो. नर्मदेचं नळाचं पाणीसुद्धा डिस्टिल्ड नव्हे.

पण ६,८०० खर्च करण्याआधी दोन-तीनशे रुपये तपासणीवर घाला. कारण ‘कोपऱ्यावर डाग’ म्हणजे गळती तिथलीच असं नाही, पाणी वरून ओघळत येतं. इंजिन पूर्ण गार असताना झाकण काढून तिथे प्रेशर टेस्टर बसवतात, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी (बहुतेक गाड्यांत ०.९ किंवा १.१ बार) हवा हाताने भरतात आणि दहा-पंधरा मिनिटं काटा पाहतात. काटा उतरला की टॉर्च घेऊन शोधायचं. झाकणाचं रबर आणि स्प्रिंगही तपासून घ्या. झाकण कमजोर असेल तर कूलंट बाजूच्या प्लास्टिकच्या डब्यातून उतू जातं आणि गळती आहे असं वाटतं. झाकण दोन-तीनशे रुपयांत येतं.

कुठून गळतंय त्यावर सगळं ठरतं. होज (रबरी नळी) किंवा क्लिप असेल तर काही शेकड्यांत काम होतं, बाटलीचा विचारही नको. वॉटर पंपाच्या खालच्या छिद्रातून ठिबकत असेल तर आतलं सील गेलंय. ते औषधाने बुजत नाही, पंपच बदलावा लागतो. रेडिएटरची प्लास्टिकची टाकी आणि अॅल्युमिनियमचा कोअर (मधली नळ्यांची जाळी) जिथे दुमडून जोडलेत तिथून गळत असेल (या वयाच्या गाड्यांत हे फार दिसतं) तर ती फट इंजिन तापल्यावर उघडते आणि गार झाल्यावर मिटते. हलणाऱ्या फटीवर बाटलीतला लगदा धरत नाही. मात्र टाकीला चीर नसेल तर रेडिएटरवाल्याकडून आतलं रबर बदलून टाकी पुन्हा दाबून बसवून मिळते का ते विचारा, नव्या रेडिएटरपेक्षा बरंच स्वस्त पडतं. पूर्वीच्या पितळी रेडिएटरला डाख द्यायचे तसा अॅल्युमिनियमला देता येत नाही. काटा उतरतोय पण बाहेर काहीच ओलं नाही, तर पुढच्या सीटसमोर पायाखालचा गालिचा हाताने दाबून पाहा (ओला असेल तर हीटर गळतोय), आणि कूलंट ऑइलमध्ये मिसळून ऑइलच्या झाकणाखाली चहाच्या सायीसारखा थर आलाय का तेही पाहा. असा थर दिसला किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर गाडी उभी करा आणि मला नव्याने लिहा, कारण मग हिशेबच वेगळा.

राहिला कोअरच्या नळीतला सुईच्या टोकाएवढा पाझर. बाटली चालते ती इथे, आणि तीही रेडिएटर यायला आठवडा लागणार असेल तर. बाजारात दोन जाती मिळतात. एकात तंतू किंवा बारीक कण असतात, ते दाबाने भोकात जाऊन अडकतात. दुसऱ्यात सोडियम सिलिकेट असतं, ते उष्णतेने काचेसारखं घट्ट होतं. यातले काही प्रकार ग्लायकॉलच्या कूलंटबरोबर चालत नाहीत, आधी साध्या पाण्याने सगळं धुवावं लागतं. लेबल वाचल्याशिवाय ओतू नका. ट्रकवाले हळद टाकतात तीही कणांच्याच जातीची, फक्त नंतर तळाच्या नळ्यांत चिखल करते.

ओतायचीच वेळ आली तर अशी: इंजिन गार, अर्धा लिटर कूलंट काढून जागा करा. बाटली चांगली हलवा. लेबलवर किती लिटरच्या यंत्रणेसाठी ते पाहा. आठ-दहा लिटरसाठी असेल तर तुमच्या चार लिटरच्या गाडीत अर्धीच. जास्त टाकली तर जास्त टिकते हा गैरसमज आहे, उरलेला लगदा चांगल्या नळ्या बुजवतो. ओतायची ती रेडिएटरच्या तोंडात, बाजूच्या प्लास्टिकच्या डब्यात नाही. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडून वरचा होज गरम होऊ द्या, मग पंधरा-वीस मिनिटं गाडी नुसती चालू ठेवा. रात्रभर गार करून सकाळी पातळी पाहा. दुसऱ्या कंपनीची बाटली वर ओतू नका. हीटरच्या कोअरच्या नळ्या फार बारीक असतात, सगळ्यात आधी त्याच तुंबतात. तापमानाच्या सेन्सरवर थर बसला तर काटा उशिरा हलतो. आणि पातळी इतकी उतरली की सेन्सर पाण्याबाहेर राहिला, तर काटा उलट खाली येतो, चालवणाऱ्याला वाटतं गाडी गार झाली.

हे नाशिकच्या रस्त्यासाठी फार महत्त्वाचं आहे. जाताना मानपूरचा घाट उतार आहे, परत येताना निमाडातून माळव्यावर चढायचं असतं, भरल्या गाडीत, एसी चालू ठेवून. बाटलीवरची गाडी घेऊन चारशे किलोमीटर जाऊ नका. आठवड्याच्या आत रेडिएटर बदला, कूलंट भरताना झाकण उघडं ठेवून पंखा दोनदा सुरू होऊन बंद पडेपर्यंत हवा काढून घ्या, मग उज्जैनची एक खेप करून या आणि दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर पातळी तपासा. तरी उतरत असेल तर मुंजीला बसने जा. आधीच बाटली टाकली असेल तर नवा रेडिएटर लावण्यापूर्वी सगळी यंत्रणा दोन-तीनदा धुऊन घ्या, आणि तसं मेकॅनिकला सांगा, नाहीतर नव्या रेडिएटरच्या वॉरंटीवरून वाद होईल.

बाटली टाकून विकायचं म्हणता, ते सोडा. गळती न सांगणं वेगळं आणि दिसू नये म्हणून बुजवणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७ फसवणूक म्हणतं. शिवाय जाणकार दलाल झाकण काढून तोंडावर बोट फिरवतो, तपकिरी लगदा किंवा चांदीसारखी चमक लागली की भाव दहा-वीस हजारांनी पाडतो. विकायचीच असेल तर रेडिएटर बदलून पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड दाखवा, किंवा गळती सांगून आहे त्या स्थितीत विका. फक्त ६,८०० वाचावेत म्हणून गाडी विकायला निघाला असाल, तर १,६०,००० मध्ये याच तोडीची दुसरी गाडी छोटी ग्वालटोलीच्या आसपास कुठे मिळते का, ते आधी पाहून या.