आधी गेट हाताने ढकल
सांगलीत गावभागातल्या जुन्या घरी मोटरवर चालणारं गेट दुरुस्त करायला गेलास की लगेच मोटर खोलू नकोस. आधी चावीने क्लच, म्हणजे मोटर आणि गेटची जोडणी, सोड आणि सरकतं गेट हाताने ढकलून बघ. जड गेलं तर चाकाचं बेअरिंग गेलंय किंवा रूळ बसलाय. ते तसंच ठेवलंस तर नवी मोटरही जळेल. रॅक (गेटवरची दातेरी पट्टी) आणि पिनियन (मोटरचं दातेरी चाक) यांच्यात एक-दीड मिलिमीटर फट हवीच, गेटचं वजन पिनियनवर आलं की दात झिजतात.

एसी मोटर नुसती गुणगुणते? मोटरला सुरुवातीचा जोर देणारा कपॅसिटर बघ.

२०१९ च्या पुरानंतर मी कंट्रोल बोर्ड जमेल तिथे भिंतीवर, पुराच्या खुणेच्या वर घेतो. फोटोसेलशिवाय, म्हणजे वाटेत कोणी आलं की गेट थांबवणाऱ्या सेन्सरशिवाय, मात्र गेट चालू करून देऊच नकोस, मालक कितीही घाई करो. पोरं गेटलाच लोंबकळतात. निघताना घरातल्या आजींकडून क्लचची चावी फिरवून घे. लाईट जाते तेव्हा घरात त्याच असतात.