वाचक विचारतात : शांतता विणणाऱ्या बायका

प्रश्न : मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला 'बेओवुल्फ' हे जुन्या इंग्रजीतलं काव्य अभ्यासाला आहे. नोट्समध्ये वेअल्हथेओ, हिल्डेबुर्ह आणि फ्रेआवारु या तिघींपुढे एकच शब्द लिहिलाय, 'पीस-वीव्हर'. आमच्या घरी माग आहेत, त्यामुळे विणणं मला माहीत आहे. पण शांतता कशी विणतात? — एक विद्यार्थिनी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. साखर पेठेत आमच्याही घरी दोन हातमाग होते. वडील मागावर बसायचे आणि आई नि मी कांड्या भरायचो. पुढे कितीतरी वर्षं मी हेच काव्य वर्गात शिकवलं, पण या शब्दापाशी आले की दरवेळी आमचा तो माग डोळ्यांपुढे यायचा.

जुन्या इंग्रजीत शब्द आहे 'फ्रेओथुवेब्बे'. फ्रेओथु म्हणजे शांतता आणि वेब्बे म्हणजे विणकरीण. दोन टोळ्यांत रक्त सांडलं की एकीची लेक दुसरीत द्यायची. तिच्या पोटच्या पोरात दोन्हीकडचं रक्त येणार, मग तलवार कुणावर उचलाल, असा त्यामागचा हिशेब. एक गोष्ट पेपरात जरूर लिही : हा नेमका शब्द काव्यात एकदाच येतो आणि तो या तिघींपैकी कुणासाठीच नाही. नुसतं वर मान करून बघितलं म्हणून माणसं मारवणाऱ्या एका गर्विष्ठ राणीबद्दल बोलताना कवी म्हणतो, शांतता विणणारीने असं वागू नये. डेन लोकांची राणी वेअल्हथेओ हिला तो 'लोकांमधलं शांततेचं नातं' म्हणतो.

आता हिल्डेबुर्ह. ही डेन लोकांची लेक, फ्रिजियनांचा राजा फिन याला दिलेली. तिचा भाऊ ह्नेफ आपली माणसं घेऊन तिच्या सासरी आला आणि तिथेच लढाई पेटली. भाऊ एका बाजूने पडला, मुलगा दुसऱ्या बाजूने. सकाळी उजाडल्यावर तिला दोघांची प्रेतं दिसली. चिता रचली तेव्हा तिने एकच सांगितलं, माझ्या मुलाला त्याच्या मामाच्या खांद्याशी ठेवा. बरेच संपादक तिथे 'मामा' हाच शब्द वाचतात. आपल्याकडे भाच्याच्या बारशापासून लग्नापर्यंत मामा लागतो, त्यामुळे ती ओळ तुला कुणी समजावून सांगायला नको. पुढे तह झाला, हिवाळा कसाबसा गेला, मग डेन पुन्हा उठले, फिनलाही मारलं आणि तिला माहेरी घेऊन गेले. या सगळ्या गोष्टीत तिच्या तोंडी कवीने एकही संवाद दिलेला नाही.

ताण्यातला दोरा तुटला की वडील माग थांबवायचे, दोन्ही टोकं चिमटीत धरून गाठ मारायचे आणि वरून अंगठा फिरवून बघायचे. चादर धुतली तरी ती गाठ बोटाला लागायची, पण कापड टिकायचं. हिल्डेबुर्ह ही तशी मारलेली गाठ होती, फक्त ताणाच आधीपासून कुजलेला होता.

ही कथा काव्यात कुठे येते तेही बघ. माणसं खाणारा राक्षस ग्रेंडेल काव्याचा नायक बेओवुल्फ याच्या हातून मेला, डेन राजा ह्रोथगारच्या हेओरोट या राजवाड्यात मेजवानी चालू आहे आणि दरबारी गायक, ज्याला ते 'स्कोप' म्हणतात, ही कथा गातो. गाणं संपतं न संपतं तोच राणी वेअल्हथेओ पुढे येते आणि राजाला म्हणते, राज्य आपल्या रक्ताच्या माणसांकडे राहू दे. तिची दोन मुलं तिथेच बसलेली आहेत, बेओवुल्फ त्यांच्या मधोमध. कवीने हे दोन प्रसंग शेजारी उगीच ठेवलेले नाहीत. फ्रेआवारु ही तिचीच लेक, शत्रूच्या मुलाला, इंगेल्डला देऊ केलेली. घरी परतल्यावर बेओवुल्फ आपल्या राजाला स्पष्ट सांगतो की हे लग्न टिकायचं नाही : नवरीबरोबर आलेल्या डेन तरुणाच्या कमरेला इंगेल्डच्या एखाद्या माणसाला आपल्या मेलेल्या बापाची तलवार दिसली की जुनं वैर उसळणारच.

प्रश्न : 'वेरगिल्ड' म्हणजे काय? आणि ग्रेंडेलच्या आईला राक्षसीण का म्हणतात, ती तर मुलाचा सूड घेते! — एक निवृत्त बँक कर्मचारी, जुळे सोलापूर

उत्तर : वेर म्हणजे माणूस, गिल्ड म्हणजे मोबदला. मारलेल्याच्या घरच्यांना दर्जाप्रमाणे ठरलेली भरपाई द्यायची की सूड थांबला. लग्नासारखाच वैर मिटवायचा हा दुसरा उपाय. बेओवुल्फचे वडील एग्थेओ यांच्या हातून एक खून झाला होता आणि ते वैर राजा ह्रोथगारने स्वतःच्या खजिन्यातून मिटवलं होतं. ह्रोथगारच्या मदतीला हा तरुण समुद्र ओलांडून धावतो, त्यामागे तेही ऋण आहे. ग्रेंडेलने 12 वर्षं माणसं खाल्ली, भरपाई कधीच दिली नाही. कवी हे कायद्याच्या भाषेत सांगतो, म्हणजे त्याच्या लेखी ग्रेंडेल नुसतं जनावर नव्हे, रीत मोडणारा गुन्हेगार आहे.

आईबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. ती काइनच्या, म्हणजे बायबलमधल्या भावाचा खून करणाऱ्याच्या वंशातली, पाण्याच्या तळाशी राहणारी, म्हणून कवी तिला भयंकर म्हणतो. पण तिची करणी बघा. ती एका रात्री येते आणि एकाच माणसाला नेते, राजाचा जिवलग सल्लागार एश्हेरे. एकाच्या बदल्यात एक, हाच तर त्या काळच्या माणसांचा नियम! वर्गात हे सांगितलं की मुलं गप्प व्हायची.

प्रश्न : हे काव्य आपल्यापर्यंत पोहोचलं कसं? — एक वाचक, पंढरपूर

उत्तर : एकाच हस्तलिखितातून. सुमारे इ.स. 1000 ची ही प्रत दोन लेखनिकांच्या हातची आहे, ओळी 3182. 1731 मध्ये लंडनला ती जिथे ठेवली होती त्या घराला आग लागली. प्रत वाचली, पण कडा होरपळल्या आणि पुढे हात लागेल तशी अक्षरं गळत गेली. आता ती ब्रिटिश लायब्ररीत आहे, एकेक पान कागदाच्या चौकटीत बसवलेलं.

अशोक चौकातल्या मुलीला जाता जाता : हिल्डेबुर्हची कथा 1071 व्या ओळीच्या आसपास सुरू होते. भाषांतर घे आणि ती घरी, माग बंद असताना, मोठ्याने वाच.