फौजी असल्याचं आणि कॅन्सरचं खोटं सांगून मदत मागणारा माणूस कसा ओळखावा?

डिस्चार्ज बुक मागा, म्हणजे फौजेतून सुटताना मिळतं ते नोकरीचं पुस्तक. खरा फौजी ते पोरांच्या टीसीपेक्षा जपतो. आमच्या बाबांचं अजून लोखंडी पेटीत, दोन पिशव्यांत गुंडाळलेलं आहे.

बाबा गार्ड्सचे, म्हणजे फौजेच्या 'ब्रिगेड ऑफ द गार्ड्स' रेजिमेंटचे, १९८८ ची भरती. नागपूरला मानेवाड्यात आमच्या गल्लीत एक भाडेकरू आला. रिटायर सुभेदार, तोही गार्ड्सचा, कारगिल लढलेला, वरून पोटाचा कॅन्सर. डोकं तुळतुळीत. (आई म्हणे, किमोनं केस गेले नं, मग दाढीची खुंटं रोज कशी उगवतात बाप्पा?) दादानं वही घेऊन घरोघरी वर्गणी काढली, स्वतःचे ५,००० घातले.

एका संध्याकाळी तो चहाला आला. बाबांनी विचारलं, भरती झाल्यावर ट्रेनिंग कुठं झाली? म्हणे, डेहराडून. नागपुरात बसून! गार्ड्सचं सेंटर इथं कामठीला, जवान तिथं घडतो. डेहराडूनला अफसर होतात. बाबांनी कप बशीत ठेवला नि म्हणाले, "गरुड का हूँ..." आणि थांबले. ही गार्ड्सची युद्धघोषणा; गार्ड्सचा माणूस झोपेतून उठवला तरी पुढचं 'बोल प्यारे' म्हणेल. हा इकडंतिकडं बघून म्हणाला, "जय हिंद."

बाबा उठून आत गेले. पंधरा दिवसांत खोली रिकामी, तीन महिन्यांचं भाडं बुडालं. दादा अजून म्हणतो, बाबांनी बिमार माणसाची परीक्षा घेतली, म्हणून तो गेला. काहून? ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची उपचार योजना, २००३ पासून आहे. पेन्शनर फौजीला तिच्या पॉलिक्लिनिकनं रेफर केलं की यादीतल्या दवाखान्यात कॅशलेस उपचार होतात, कॅन्सरचेही. त्याला गल्लीची वर्गणी कशाला लागते?

हां, पेन्शन न मिळता लवकर घरी आलेल्या जवानाला ही सोय असेलच असं नाही. किमोत सगळ्यांचे केस सारखे जात नाहीत, तेव्हा आईची खुंटं पुरावा धरू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र बघा, पैसे द्यायचेच तर दवाखान्याच्या काउंटरवर भरा. वर्दी घालून फौजी असल्याचं भासवलं तर न्याय संहितेचं कलम १६८ आहे, पण शिक्षा जास्तीत जास्त ३ महिने कैद नि २,००० दंड. पैसे उकळले असतील तर फसवणुकीचं ३१८ लावायला सांगा.

वर्गणीची वही दादाकडेच आहे. फाडून टाक म्हटलं तर फाडत नाही.