पाऊण मापाचा मस्टँग आणि ४०१(के)चं कर्ज

प्रश्न: वय ४७, ओहायोत कोलंबसजवळ राहतो, प्रायव्हेट पायलटचा परवाना आहे. पी-५१ मस्टँग या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लढाऊ विमानाच्या पाऊण मापाच्या, दोन आसनी, ॲल्युमिनियमच्या किटचं (स्वतः जोडायच्या सुट्या भागांच्या संचाचं) कोटेशन आलंय. किट ६२,००० डॉलर, इंजिन (रोटॅक्स ९१२) आणि प्रोपेलर ३०,०००, उपकरणं व रेडिओ १०,०००, रंग ८,०००. एकूण १,१०,०००. बचत ६०,००० आहे. उरलेले ५०,००० ४०१(के)वर, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तिखात्यावर, कर्ज काढून घालावेत असा विचार आहे. घरखर्च महिना ६,०००, सगळं भागून २,४०० उरतात. बायको विचारते, उद्या विकायची वेळ आली तर किती येतील?

उत्तर: वहिनींचा प्रश्न आधी घेतो, कारण तोच मोलाचा आहे. साहित्याचे पैसे निघाले तरी नशीब समजा. तुमच्या तासांचं मोल गिऱ्हाईक देत नाही. त्यात हौशी बांधणीच्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करायचं रिपेअरमन सर्टिफिकेट बांधणाऱ्याच्या नावावर मिळतं, ते विमानाबरोबर विकता येत नाही. विकत घेणाऱ्याला बहुधा दरवर्षी परवानाधारक मेकॅनिक गाठावा लागतो आणि तो खर्च तो भावात कापून घेतो. तेव्हा ही सगळी रक्कम खर्चाच्या रकान्यात लिहा.

तरीही माझं मत विमान बांधा असंच आहे, फक्त कर्जाशिवाय. तुमच्या हिशेबातली बचतीची बाजूच चुकली आहे. सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे ३६,०००, हे विमानाचे पैसेच नव्हेत. मोकळे आहेत २४,०००.

४०१(के)वर खात्यातल्या तुमच्या हक्काच्या रकमेच्या निम्मं, जास्तीत जास्त ५०,००० कर्ज मिळतं आणि पाच वर्षांत फेडावं लागतं. साडेआठ टक्के धरले तर हप्ता महिना सुमारे १,०२५. व्याज आपल्याच खात्यात जातं म्हणून लोक याला फुकटचं कर्ज समजतात. पण नोकरी गेली आणि त्या वर्षाच्या विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत थकलेली रक्कम तुम्ही निवृत्तिखात्यात भरली नाही, तर ती पैसे काढल्यासारखी धरली जाते. ३५,००० थकले असतील तर २२ टक्क्यांच्या टप्प्यात कर आणि तुमच्या वयाला १० टक्के जादा, असे ११,२००, वर राज्याचा कर. तेही पगार बंद असताना. घरावर कर्ज काढाल तर त्याच्या व्याजाची वजावटही नाही. ती घर घेण्या-बांधण्या-सुधारण्यासाठीच मिळते.

आता कोटेशनमध्ये नसलेले खर्च. क्रेटची वाहतूक, एअर कॉम्प्रेसर, रिव्हेट (पत्रे जोडायच्या खिळ्या) मारायचा रिव्हेटर, शे-दोनशे क्लेको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या पिना), वाया जाणारा माल, एफएए या सरकारी विमान नियामकाची नोंदणी व तपासणी, जोडणीसाठी हँगर (विमान ठेवायची शेड). मी एकूण १,३२,००० धरीन.

यातला वाया जाणारा माल किरकोळ समजू नका. रिव्हेटचं भोक पत्र्याच्या कडेपासून किमान रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट आत हवं. एक अष्टमांश इंची रिव्हेट असेल तर पाव इंच. ड्रिल तिरका गेला आणि भोक लंबगोल झालं, तर पुढच्या मापाचा, ५/३२ इंची रिव्हेट घालून निभावतं. मात्र त्याला कडेचं अंतरही जास्त लागतं. ते उरलं नाही की पंखाचा अख्खा पत्रा बाद. नवा पत्रा महाग नसतो, त्याची पेटी आणि वाहतूक महाग पडते. म्हणून आधी भंगार पत्र्यावर शंभरेक रिव्हेट मारून हात बसवा.

सगळा माल एकदम न घेता किट टप्प्याटप्प्याने मागवा. आधी शेपटी, मग पंख, मग फ्यूजलाज (विमानाचं धड). विक्रेते १,५०० तास सांगत असतील तर तुम्ही २,००० धरा. आठवड्याला आठ तास म्हणजे जवळजवळ पाच वर्षं. महिना १,८०० बाजूला टाकलेत तर पाच वर्षांत १,०८,०००, त्यात मोकळे २४,०००: झाले १,३२,०००. उरलेल्या ६०० ना हात लावू नका, पुढे विमा आणि हँगरचं भाडं त्यातूनच भरायचंय.

इंजिन शेवटच्या वर्षी घ्या. सुरुवातीला सवलतीत घेतलेलं इंजिन गॅरेजमध्ये चार वर्षं पडून राहिलं की वॉरंटी संपते, आत गंज धरतो, आणि मधल्या काळात निघालेल्या सर्व्हिस बुलेटिनचं (उत्पादकाने सांगितलेल्या दुरुस्त्यांचं) काम स्वतःच्या खर्चाने करावं लागतं. स्क्रीन आणि रेडिओचंही तेच, जुने होतात. मोटारीचं व्ही-६ बसवायचा मोह होईल; इंजिन स्वस्त, पण गिअरबॉक्स, रेडिएटर आणि गरम होण्याची कटकट वेगळी.

वजनाकडेही पैशाच्या नजरेने बघा. माप पाऊण केलं की पंखाचं क्षेत्रफळ मूळच्या ५६ टक्के उरतं, आकारमान ४२ टक्के; पायलट मात्र पूर्ण मापाचाच. चामड्याची सीट, रंगाचे जास्तीचे थर यांची किंमत लँडिंगच्या वाढत्या वेगात मोजावी लागते. चेक फाडण्याआधी कुणाच्या तरी तयार विमानात हेडसेट लावून, कॅनॉपी (डोक्यावरचं पारदर्शक झाकण) बंद करून बसून बघा.

विम्याचं कोटेशन किटच्या आधी मागवा. शेपटीला चाक आणि आत जाणारी चाकं, या जोडीला विमा कंपन्या नाकं मुरडतात. चाकं न उघडता उतरलात तर प्रोपेलर जातोच, इंजिनही उघडून तपासावं लागतं. टेलव्हीलचं एन्डॉर्समेंट (शेपटीला चाक असलेलं विमान उडवायची प्रशिक्षकाची लेखी संमती) नसेल तर बांधणी चालू असतानाच घ्या. रोटॅक्स इंजिनाला चाचणी-उड्डाणाचे साधारण ४० तास धरा. तासाला पाच गॅलन, म्हणजे दोनशे गॅलन पेट्रोल.

कंटाळून अर्धं काम पैसे देऊन करून घेऊ नका. निम्म्याहून जास्त काम हौशी हातांनी झाल्याचं दाखवता आलं नाही तर हौशी बांधणीचं प्रमाणपत्रच मिळत नाही. दर बैठकीचे फोटो, तारीख, तास नोंदवा. ईएए या हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेचे टेक्निकल काउन्सेलर सभासदांकडे येऊन काम विनामूल्य बघतात. पत्रा बंद करण्याआधी त्यांना बोलवा.

पैसे अगदीच कमी घालायचे तर जॉन आयझॅक्स यांच्या स्पिटफायरचे (त्या नावाच्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या छोट्या प्रतिकृतीचे) नकाशे आहेत. ६/१० माप, सगळं लाकडी, एकच आसन, १९७५ साली उडालेलं. त्यात पैसा वाचतो, तास वाढतात. आणि वहिनींना मागे बसवता येणार नाही.

शेपटीची ऑर्डर द्या आणि तिला आठ महिने द्या. तेवढ्यात झाली नाही तर पंखांचा चेक थांबवा. सुरू केलेल्या शेपटीला गिऱ्हाईक मिळतं, अर्ध्या फ्यूजलाजला शोधत बसावं लागतं.