वाचकांचे प्रश्न: भंवरकुव्याजवळची खोली

प्रश्न: मुलगी स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी इंदूरला भंवरकुव्याजवळ खोली घेतेय. भाडं कसंबसं जमेल, पण वरचा खर्च कसा आवरायचा?

उत्तर: आधी विजेचा दर विचारा, पैसा गळतो तो तिथेच. सबमीटरवर (खोलीपुरता लावलेला वेगळा मीटर) मालकाने युनिटला 10 रुपये लावले आणि कूलरसह 120 युनिट जळले, तर 1200 रुपये वेगळे. ताबा घेताना खोलीतलं सगळं बंद करून मीटरचा लाल दिवा बघा. तरीही लुकलुकत असेल, तर जिन्यातला दिवा किंवा पाण्याची मोटर त्याच मीटरवर असू शकते. ती जोडणी आधी वेगळी करायला लावा. मग रीडिंगचा फोटो मालकाला पाठवा.

करार बहुधा 11 महिन्यांचाच होतो, वर्षावरच्या भाडेकराराला नोंदणी लागते म्हणून. अनामत किती दिवसांत परत आणि रंगाचे पैसे कोणाचे, हे त्यात लिहून घ्याच. अनामत रोख देऊ नका.