मोठ्या तुकडीत प्रश्न कोणाला विचारावा?

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला भौतिकशास्त्र शिकवते. तुकडीत ११० विद्यार्थी आहेत. पुढच्या बाकांवरची ठरावीक मुले उत्तरे देतात, बाकीची फळ्यावरचे मुकाट्याने उतरवून घेतात. अभ्यासक्रम पुरा करण्याचे दडपण असताना सर्वांना तासात सहभागी कसे करून घ्यावे?

उत्तर : ‘कोण सांगेल?’ असे विचारले की तेच हात वर येणार, कारण एवढ्या जणांसमोर चुकायला कोणीच राजी नसते. त्यामुळे प्रश्न सर्वांना एकाच वेळी विचारावा आणि उत्तरही सर्वांकडून एकाच वेळी घ्यावे. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून आपल्या मोठ्या वर्गांत ही पद्धत वापरली. त्यांचे विद्यार्थी अवघड गणिते सोडवत, पण न्यूटनच्या नियमांवरचे आकडेमोड नसलेले साधे प्रश्न आले की अडखळत, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचे त्वरण किती, हा प्रश्न पर्यायांसह फळ्यावर लिहा. तेथे वेग शून्य होतो म्हणून त्वरणही शून्य, असे मानणारे बरेच निघतील. मिनिटभर कोणी बोलू नये, उत्तर वहीत लिहावे आणि मग आपण खूण करताच पर्यायाच्या क्रमांकाइतकी बोटे छातीशी धरून दाखवावीत, म्हणजे शेजाऱ्याचे पाहून उत्तर बदलता येत नाही. (याकरिता मोबाइलवरील साधनेही मिळतात, पण बोटांनी काम भागत असताना त्यांची निकड मला वाटत नाही.) बरोबर उत्तरे साधारण ३० ते ७० टक्के असतील, तर योग्य पर्याय न सांगता दोन-तीन मिनिटे आपसांत चर्चा करू द्यावी व पुन्हा बोटे दाखवायला सांगावीत. याहून कमी असतील तर संकल्पना पुन्हा शिकवावी. जास्त असतील तर थोडक्यात खुलासा करून पुढे जावे.

चर्चेसाठी एकाआड एक बाकावरच्या मुलांनी मागे वळून बसावे, म्हणजे नेहमीच्या जोड्या मोडतात आणि पुढच्या बाकांवरच्या हुशार मुलांना आपले म्हणणे पटवून देण्याची वेळ येते. गलबला होणारच, प्राचार्यांना आणि शेजारच्या वर्गावरील शिक्षकांना आधी कल्पना देऊन ठेवावी. या उत्तरांना गुण मात्र देऊ नयेत, नाहीतर बोटे पुन्हा हुशार मुलांकडे पाहूनच वर होतील.

वेळेचे म्हणाल, तर असे दोन प्रश्न १२ ते १५ मिनिटे घेतात. ती मिनिटे टिपणे उतरवून देण्याच्या वेळातून काढावीत, कारण तो मजकूर बालभारतीच्या पुस्तकात असतोच. खरे कष्ट प्रश्न तयार करण्याचे आहेत : ज्याचे उत्तर सूत्रात आकडे घालून निघते, त्यावर चर्चा होत नाही. मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकांतील चुकाच पर्याय म्हणून वापराव्यात.