तारीख देण्याआधी

चि. ——— यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या क्यूंच्या, म्हणजे पूल खेळायच्या काठ्यांच्या, धंद्याबद्दलचं पत्र दोनदा वाचलं. त्यात मेपलच्या लाकडावर राग आहे, न्यू जर्सीच्या उन्हाळ्यावर आहे, मुठीला गुंडाळायचं लिनन वेळेत न पाठवणाऱ्यावर आहे, आणि 'माझा क्यू कुठवर आला' असं दर आठवड्याला फोन करून विचारणाऱ्या त्या ओहायोच्या गिऱ्हाइकावर तर आहेच. फक्त 'ऑगस्टअखेर नक्की देतो' असं त्याला ज्याने सांगितलं, त्याच्याबद्दल पत्रात एक ओळ नाही.

आधी लाकडाची बाजू घेतो, कारण तिथे तुझं बरंचसं खरं आहे. शाफ्टसाठी, म्हणजे क्यूच्या पुढच्या निमुळत्या भागासाठी, हार्ड मेपलचा चौकोनी तुकडा येतो तेव्हा तो वाळलेलाच असतो, ओलावा सहा ते आठ टक्के. पण लेथवर पहिला हात फिरला की आतला ताण सुटायला लागतो आणि आज सरळ उतरलेली कांडी पंधरा दिवसांनी मधोमध पोट काढते. म्हणून एका बैठकीत तेरा मिलिमीटरपर्यंत यायचंच नाही. अर्धा मिलिमीटर कापायचं, टांगायचं, काही आठवडे विसरायचं, पुन्हा थोडं कापायचं. शेवटच्या हातांना त्याहूनही कमी. टांगायची उभी, भिंतीला टेकवून ठेवलेली कांडी भिंतीच्याच वळणावर जाते. पुढचा हात मारण्याआधी लेथच्या दोन सेंटरांमध्ये धरून हाताने फिरव, मागे पांढरा कागद धर आणि मधल्या भागाची कड बघ. कड स्थिर दिसली तर काप. थरथरली तर परत खुंटीवर. दोनदा थरथरली तर सरळ बाजूला काढ, वर्षभर सांभाळलेली असली तरी. अशा बाद झालेल्या कांड्यांचा ढीग ज्याच्या दुकानात नाही, त्याच्याकडून मी शाफ्ट घेणार नाही.

त्यात इथली हवा. जुलैत खिडकीच्या चौकटी फुगतात, जानेवारीत हीटर चालू झाला की तीच लाकडं आक्रसतात. दोन्ही ऋतू दुकानात काढून सरळ राहिलेला शाफ्ट गिऱ्हाइकाच्या घरीही बहुधा सरळ राहतो. पूलचा क्यू ५८ इंचांचा, त्यातला अर्धा शाफ्ट. त्याच अर्ध्यावर खेळणाऱ्याची नजर असते.

बटचं, म्हणजे मुठीकडच्या मागच्या भागाचं, दुखणं निराळं. एबनी वाळायला आळशी आणि तडकायला तत्पर. कोकोबोलो एवढं तेलकट की अ‍ॅसिटोनने पुसून लगेच जोडलं नाही तर गोंद धरत नाही. बटमध्ये जडवलेल्या चार टोकदार पट्ट्या, म्हणजे पॉइंट, यांची टोकं एका रेषेत यायला हवीत; एक टोक मिलिमीटरभर खाली राहिलं तरी जाणकार गिऱ्हाईक क्यू हातात घेऊन फिरवताना तिथेच थांबतो. मग पुन्हा पहिल्यापासून. आणि सगळ्यात शेवटी क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक लेप, ज्याला तू तुझ्या हिशेबात चार दिवस धरलेत. कोट वाळतो चार दिवसांत, पण बसत राहतो कित्येक आठवडे. घाईने घासून चकाकी आणलीस तर महिन्याभराने इनलेच्या, म्हणजे जडावाच्या, कडा बोटाला लागतात.

हे सगळं धरून वर्षभर लागतं म्हणालास, तर मी मान्य करीन आणि गिऱ्हाईकही करील. लास व्हेगासच्या साउथवेस्ट या क्यू बनवणाऱ्या दुकानाकडे लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसतात. तिथले जेरी फ्रँकलिन १९९६ मध्ये गेले, पत्नी लॉरी फ्रँकलिन यांनी काम पुढे चालवलं, आणि रांग तशीच राहिली. लांब मुदतीने कोणाची अब्रू जात नाही.

आता मला सांग, तू 'ऑगस्ट' म्हणालास तेव्हा त्या माणसाचे शाफ्ट कुठल्या जाडीवर होते? तुझ्या पत्रातल्याच तारखा जुळवून पाहिल्या. तेव्हा ते लाकूड तू विकतही घेतलं नव्हतंस.

तारीख तोंडातून का निघते ते मला ठाऊक आहे. माणूस समोर उत्साहाने बोलत असतो, नाही म्हणवत नाही, आणि 'सहा महिने' हा आकडा सगळ्यांना आवडतो. आपल्याकडे 'सोनार, शिंपी, कुळकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' म्हणतात. अप्पांचं सोड, पण शिंपी त्या म्हणीत अडकला तो दिवाळीचा सदरा तुळशीच्या लग्नाला दिल्यामुळेच, असं माझं आपलं मत. सदरा फाटका होता असं कोणी म्हणत नाही.

तेव्हा ऑर्डर घेताना तारीख द्यायचीच नाही. नंबर द्यायचा: 'तुमच्या आधी इतके आहेत, वर्षाला साधारण इतके होतात.' तारीख द्यायची ती शाफ्ट शेवटच्या हाताच्या आधीच्या जाडीवर येऊन स्थिर राहिले आणि बटला पॉइंट बसले की. त्यानंतर बाकीचं काम तुझ्या हातातलं असतं, लाकडाच्या मर्जीतलं फारसं उरत नाही. तीसुद्धा महिना सांगून दे, दिवस सांगून नाही. आणि मनात येईल त्याच्या पुढचा महिना सांग.

'वर्षाला इतके' हा आकडा मात्र खरा काढ. क्यू-कारागीर जॉर्ज बालाबुश्का यांचं उदाहरण घे. ब्रुकलिनमध्ये १९५९ पासून १९७५ मध्ये जाईपर्यंत त्यांनी हजार ते बाराशे क्यू केले असं मानतात. म्हणजे आठवड्याला जेमतेम सव्वा. तेही त्यातले पुष्कळ क्यू दुसऱ्यांनी जोडून दिलेल्या ब्लँकवर, म्हणजे पॉइंट आधीच बसवलेल्या कच्च्या बटांवर: आधी ब्रन्स्विकचे टायटलिस्ट, नंतर बर्टन स्पेन आणि गस झांबोटी यांचे. पॉइंट बसवण्याचं सगळ्यात वेळखाऊ काम त्यांच्या अंगावर नव्हतं. तू पॉइंट स्वतः कापतोस, दिवसभर नोकरी करतोस, आणि आठवड्याला एक क्यू धरून चालला आहेस! शिवाय शाफ्टच्या टोकाच्या टिपा बदलणं, शाफ्ट साफ करणं, मुठीवरचा रॅप नव्याने घालणं ही किरकोळ कामं आहेत. ती सोडू नकोस, रोजचा पैसा तीच देतात. पण पूलच्या लीगचे सामने सुरू झाल्यावर शनिवार कोण खातं ते बघ आणि तो शनिवार हिशेबातून आधीच वजा कर.

पैशाबद्दल जरा कडक बोलतो, राग मानू नकोस. तू निम्मी रक्कम आगाऊ घेतोस आणि त्यातून आधीच्या गिऱ्हाइकाचं लाकूड आणतोस. ही याची टोपी त्याला घालणं झालं. चार नव्या ऑर्डरी आल्या नाहीत की जुन्या चार अडकतात, आणि मग अडकलेल्या सोडवायला तू आणखी नव्या घेतोस. उशिराच्या ज्या कहाण्या या धंद्यात ऐकू येतात त्यांत लाकूड क्वचितच सापडतं, हे चक्र बहुतेक वेळा सापडतं. एक कारागीर माझ्या चांगल्या ओळखीचा होता, हात सोन्याचा. तो अचानक वारला तेव्हा त्याच्या वहीत पैसे भरलेली नावं होती आणि खात्यात काही नव्हतं. त्याच्या बायकोने ते फोन कसे घेतले असतील, याचा विचार मी अजून टाळतो.

म्हणून इसार घ्यायचाच तर नाममात्र घे, वेगळ्या खात्यात ठेव, आणि काम लेथवर चढेपर्यंत त्याला हात लावू नकोस. लाकूड स्वतःच्या पैशाने भर. जमत नसेल तर कमी लाकूड भर. कायदाही तुझ्या बाजूचा नाही. अमेरिकी सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनचा १९७५ सालचा नियम आहे, आधी टपालाने येणाऱ्या ऑर्डरींसाठी केलेला, आता फोन आणि इंटरनेटही त्यात येतं. सांगितलेल्या मुदतीत माल पाठवायचा; मुदत सांगितलीच नसेल तर ३० दिवसांत. मुदत सांगायला काही आधार हवा. उशीर होणार असेल तर गिऱ्हाइकाला कळवून विचारायचं की थांबता की पैसे परत हवेत, आणि पुन्हा उशीर झाला व त्याने होकार दिला नाही तर पैसे परत करायचे. आपल्यासारख्या एकखांबी दुकानाला तो नेमका कसा लागू होतो, ते एकदा वकिलाला पैसे देऊन विचार. मी नियम धरून चालतो.

पेपालचंही बघ. तिथे तक्रार करायला १८० दिवस मिळतात. वर्षाने मिळणाऱ्या क्यूचे पैसे आज भरलेला माणूस सहाव्या महिन्यात अस्वस्थ होतो, कारण त्यानंतर तो तुझ्या हवाली असतो. तुला वाटतं तो एकाएकी चिडखोर झाला. त्याच्या कॅलेंडरकडे बघ.

आता त्या ओहायोकराचं. उद्याच फोन कर, त्याचा येण्याआधी. कारणांची माळ लावू नकोस. साधारण असं बोल: 'तुमचा बट तयार आहे, पॉइंट बसलेत, फोटो आज पाठवतो. शाफ्टचं लाकूड मी उशिरा घेतलं, ते अजून दोनदा कापायचंय. मार्चच्या आधी होणार नाही. थांबायचं नसेल तर इसार याच आठवड्यात परत करतो, नाराजी नाही.' आणि गप्प बस. तो काय म्हणेल ते ऐक. पैसे मागितले तर हुज्जत न घालता दे. एबनीचा चार पॉइंटांचा बट पडून राहत नाही, यादीतला पुढचा माणूस घेईल. बहुतेक लोक मात्र थांबतात, असा माझा अनुभव आहे. फोटोत लेथ दिसू दे. नुसता बट टेबलावर ठेवून काढलेला फोटो कधीचाही असू शकतो, हे आता सगळ्यांना कळतं.

मार्च म्हणालास आणि फेब्रुवारीत दिसलं की होत नाही, तर फेब्रुवारीतच कळव. तारीख उलटून गेल्यावर सांगितलेलं कारण कितीही खरं असो, बहाणाच वाटतो.

गिऱ्हाइकांमुळे होणारा उशीरही असतो, तो तुझ्या माथी घेऊ नकोस. 'एक छोटासा इनले वाढवू या का' हे वाक्य मध्येच आलं की काम मागे जातं. चित्र आधी काढायचं, व्हीनियरचे रंग, जॉइंटचा पिन, रॅप लिननचा की चामड्याचा, वजन, सगळं त्यावर लिहायचं, त्याची सही घ्यायची. नंतरचा प्रत्येक बदल म्हणजे नवा नंबर, शेवटचा. एकदा तसं केलंस की बदल सुचणं आपोआप कमी होतं. हस्तिदंती फेरूल, म्हणजे टिपेखालची कडी, मागणाऱ्याला तिथल्या तिथे नाही म्हण. २०१६ पासून इथे आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार जवळपास बंदच आहे आणि मेलमाइनचं फेरूल खेळायला उत्तम चालतं. आणि तुझा पुण्याचा मावसभाऊ रोझवूडचा क्यू मागतोय म्हणतोस, तर आधी कागदपत्रांचं विचार. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, त्याच्या वाटेला जाऊच नकोस. बाकीच्या जाती, आपली शिसवीसुद्धा, २०१७ पासून दुसऱ्यात. सवलती आहेत, पण त्या लाकडागणिक नीट वाचायला लागतात. मावसभाऊ म्हणून त्याला तारीख जवळची देऊ नकोस, हे वेगळं सांगायला नको.

शोचं राहिलं. वसंतात सुपर बिलियर्ड्स एक्स्पो हे प्रदर्शन असतं आणि तुला टेबल घ्यायचंय. घे. पण टेबलावर मांडलेला प्रत्येक क्यू कोणाच्या तरी नंबराच्या पुढे उडी मारून आलेला असतो, आणि तुझ्या यादीतला एखादा माणूस हमखास तिथे फिरत येतो. स्वतःचा क्यू लांबलेला असताना तुझ्याच टेबलावर विक्रीचे चार चकचकीत क्यू बघून त्याला काय वाटेल? यादीतले मागचे सगळे हातावेगळे झाल्याशिवाय शोसाठी नवीन लावू नकोस. यंदा टेबलावर गिऱ्हाइकांचेच, त्यांना विचारून, तयार क्यू ठेव. ते तिथेच येऊन घेऊन जातील. टपालखर्च वाचेल आणि चार लोक बघतील.

नवीन ऑर्डरी आजपासून बंद. नाव आणि फोन लिहून घे, पैसा नाही. जुनी यादी काढून प्रत्येक नावापुढे लिही: किती घेतले, कधी घेतले, काय सांगितलं होतंस, आणि लाकूड आज कुठल्या जाडीवर आहे. चौथा रकाना रिकामा असेल तिथे रिकामाच ठेव, सुतारी आशावाद नको. ही यादी रविवारपर्यंत मला पाठव. सगळ्यात जुन्या चारांसाठी शाफ्ट मी माझ्या खुंटीवरचे देतो, दोन हिवाळे काढलेले आहेत. त्यांचे पैसे तू मला सावकाश दे, पण ते क्यू एप्रिलच्या आत गेले पाहिजेत.

तुझ्या काकूने तिळाचे लाडू केलेत, यायला जमलं तर शाफ्टबरोबर तेही ने.

तुझा,
काका